वहिवाट आणि शाबिती : सेवा नाकारण्याच्या हक्काचा कागदोपत्रीं इतिहास

(१)

धर्मश्रद्धेचा आधार सांगून एकानें दुसऱ्यास पाणी, दर्शन, उतारा, हजामत, मंत्र किंवा औषध नाकारावें आणि ज्यास नाकारलें त्यानें दाद मागावी, हा प्रकार आपल्या देशांत नवा नाहीं. नवा आहे तो त्यावरील कायदा. जुन्या कागदांचा शोध व संग्रह करणाऱ्यांस या विषयाशीं काय कर्तव्य, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, या तऱ्हेचे जे वाद इंग्रजी अमदानींत न्यायालयांपुढें आले, त्यांचा कणा ‘वहिवाट’ हा एकच शब्द होता. आणि वहिवाट ही शेवटीं पुराव्यानें उभी राहते, अथवा पुराव्याअभावीं पडते. म्हणजे जी वस्तु आपण पेटाऱ्यांत जपून ठेवतों, तिच्याच बळावर एखाद्याचा तळ्यावरील किंवा देवळांतील प्रवेश ठरत आलेला आहे.

मनुष्याची श्रद्धा कितपत बदलली, हा प्रश्न आम्ही येथें बाजूस ठेवतों. आम्हांस दाखवावयाचें आहे तें एवढेंच कीं, सेवा नाकारणारा व सेवा मागणारा या दोघांपैकीं शाबितीचें ओझें कोणीं वाहावें, हें गेल्या अडीचशें वर्षांत क्रमाक्रमानें बदलत गेलें, आणि या विषयावरील सर्व कायद्याचें मर्म त्या बदलांत आहे.

हा लेख आम्ही अकोल्यास जठारपेठेंत बसून लिहीत आहों. तेव्हां आरंभ वऱ्हाडांतीलच एका प्रकरणानें करणें सोईचें होईल.

(२)

अमरावतीची अंबादेवी हें वऱ्हाडचें पुरातन व गाजलेलें देवस्थान. रुक्मिणीहरण याच देवळापासून झालें, अशी लोकांची समजूत आहे. १९२७ सालीं या देवळाचा दरवाजा अस्पृश्यांस मोकळा करावा, अशी मागणी देवस्थानच्या पंचांकडे करण्यांत आली. ती मान्य होईना, तेव्हां सत्याग्रहाचा विचार पुढें आला. त्याच वर्षींच्या मार्च महिन्यांत कुलाबा जिल्ह्यांत महाड येथें चवदार तळ्याचा सत्याग्रह झालेला होता व त्याचा परिणाम वऱ्हाडापर्यंत पोंचला होता. ता. १३ व १४ नोव्हेंबर १९२७ रोजीं अमरावतीस इंद्रभुवन नाटकगृहांत वऱ्हाडांतील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानीं डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होते. परिषदेच्या वेळींच अध्यक्षांस आपले वडील बंधु बाळाराम यांच्या निधनाची वार्ता मिळाली. तरी परिषदेचें काम पुरें झालें. पंचांस विचारास अवधि मिळावा म्हणून सत्याग्रह ता. १५ फेब्रुवारी १९२८ पर्यंत तहकूब करण्याचें ठरलें. वऱ्हाडांतील स्पृश्य पुढाऱ्यांपैकीं डॉ. पंजाबराव देशमुख हे या मागणीच्या बाजूनें उभे राहिले. पुढें अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असतां त्यांनीं सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या करण्याचें काम हातीं घेतलें.

आतां कायद्याच्या दृष्टीनें पाहूं. १९२७ सालीं एखाद्या अस्पृश्य गृहस्थानें देवस्थानच्या पंचांवर अमरावतीच्या दिवाणी न्यायालयांत फिर्याद केली असती, तर पंचांस काय सांगावें लागलें असतें? देवता भ्रष्ट होते असें सिद्ध करण्याची त्यांस गरज नव्हती. शास्त्रार्थाचा घोळही घालावा लागला नसता. ‘पूर्वापार वहिवाट अशी आहे’ एवढें दाखविलें म्हणजे बहुतेक काम भागत होतें. वऱ्हाड हा मुलूख १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं आला आणि १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला; कायदेकौन्सिलें निराळीं असल्यामुळें मुंबई इलाख्यांतील ठराव येथें लागू नव्हते. परंतु देवळाच्या बाबतींत मुंबईसही त्या वेळीं निराळा कायदा नव्हता. दोन्हीकडे सत्ता होती ती वहिवाटीची.

या वहिवाटीस न्यायालयांत एवढें वजन कोठून आलें, हें समजण्यासाठीं मागें, आपल्या नेहमींच्या दप्तरांकडे, वळलें पाहिजे.

(३)

गांवगाड्याची रचना वाचकांस विदितच आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, मांग, महार, गुरव, जोशी वगैरे बलुतेदार गांवकीचीं कामें करीत व पिकावर बलुतें घेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथांत या व्यवस्थेचें सविस्तर वर्णन आहे. ही सेवा म्हणजे बाजारांतील धंदा नव्हे; ती वतनाला चिकटलेली होती. न्हाव्यानें अमक्या घराची हजामत करावी, हें त्याचें कर्तव्य व त्याचा हक्क अशीं दोन्हीं होतीं. त्यामुळें ‘मी करणार नाहीं’ असें म्हणण्यास त्यास जागा थोडी होती, व दुसऱ्यानें त्याच्या घरांत शिरून तें काम करण्यासही थोडी होती.

मात्र या कर्तव्यास एक ठरीव सीमा होती. न्हावी व परीट महार-मांगांची सेवा करीत नसत. गांवचा जोशी त्यांच्या घरीं लग्न लावण्यास जात नसे. हा नकार एकेका इसमाच्या मर्जीचा नव्हता, वतनाच्या व्याख्येंतच तो बसविलेला होता. महार गांवाची सेवा सर्वांत अधिक करी. हद्दीच्या तंट्यांत त्याची साक्ष प्रमाण मानीत. बेदरच्या बादशहानें आपणांस बावन्न हक्क दिले, ही त्यांची परंपरागत समजूत होती. परंतु सेवा घेणें व सेवा देणें यांचीं मापें सारखीं नव्हतीं.

या सीमेविषयीं वाद उत्पन्न झाला म्हणजे सरकार काय करी? सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दींतील कागदांत असे प्रसंग नमूद आहेत. कोंकणांत महारांच्या लग्नाचें उपाध्येपण जोशांनीं करावें कीं नाहीं असा वाद पडला, तेव्हां पेशव्यांच्या सरकारानें जोशांचें म्हणणें राखलें. पंढरपुरास चोखामेळ्याच्या स्थानापाशीं दर्शनास येणाऱ्या महारांमुळें वाटेंत विटाळ होतो, अशी तक्रार तेथील ब्राह्मणांनीं केल्यावर सरकारांतून महारांसच दूर राहण्याचा हुकूम झाला. या दोन्हीं ठिकाणीं नकार देणाऱ्यास कांहीं सिद्ध करावें लागलें नाहीं. राज्य हेंच वहिवाटीचें राखणदार होतें. हा आमचा पहिला टप्पा.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ‘पूर्वापार चालत आलें आहे’, ‘पेशजीप्रमाणें चालवावें’ हीं वाक्यें कागदोकागदीं आढळतात, आणि तीं वाचून प्रथा अनादि होती असें अनुमान करण्याचा मोह होतो. परंतु जेथें वाद नाहीं तेथें कागद नाहीं. कोंकणांतील महारांनीं जोशी मागितलाच नसता, तर तो हुकूम लिहिण्याचें कारणच पडलें नसतें. म्हणून ‘पूर्वापार’ हा शब्द ज्या कागदांत आहे, तो कागदच कित्येकदां सांगतो कीं कोणी तरी त्या वहिवाटीस हरकत घेतली होती.

धर्मकृत्य नाकारण्याचा हा प्रकार अस्पृश्यांपुरताच होता असेंही नाहीं. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंस वेदोक्ताचा अधिकार आहे कीं नाहीं, यावरून माजलेलीं ग्रामण्यें संग्राहकांस माहीत आहेत. केशव सीताराम ठाकरे यांनीं १९१९ सालीं ‘ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास’ प्रसिद्ध केला, तो याच विषयावर. ग्रामण्य म्हणजे उपाध्यायापासून पंक्तीपर्यंत सर्व व्यवहार बंद करण्याचें हत्यार. आजचे कायदे ज्यास सामाजिक बहिष्कार म्हणतात, त्याचें हें जुनें नांव.

(४)

इंग्रजी न्यायालयें आलीं तेव्हां हा सर्व व्यवहार ‘हक्क’ या सदराखालीं त्यांच्यापुढें मांडला गेला. त्यांचे निकाल एकाच बाजूस गेले नाहींत; पण वहिवाट हा त्या सर्वांचा पाया राहिला. १८८३ सालीं मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयापुढें चित्पावन व पळशे ब्राह्मणांचा एक वाद आला. वादाचा विषय गाभाऱ्यांत जाऊन पूजा करण्याचा अनन्य हक्क. असा हक्क दिवाणी न्यायालयांनीं जपण्याजोगा आहे, असें तेथें मानलें गेलें. १९०८ सालीं मद्रास इलाख्यांतील कामुदी येथील देवळाविषयीं प्रिव्ही कौन्सिलनें निकाल दिला. नाडार लोकांस देवळांत मज्जाव करण्याची वहिवाट शाबीत झाली, म्हणून ती कायम करण्यांत आली. हे दोन निकाल पुढें देवळांच्या व पाणवठ्यांच्या वादांत आधारास घेतले जाऊं लागले.

ग्रामजोशांच्या दाव्यांत तर या हक्काची दुसरी बाजू दिसते. यजमानानें वतनदार जोशास डावलून दुसऱ्याकडून कृत्य करविलें, तर जोशास आपल्या दक्षिणेबद्दल दावा करतां येतो, असें मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनीं एकोणिसाव्या शतकांत ठरविलें होतें. सत्यशोधक समाजानें (स्थापना १८७३) भटावांचून लग्नें लावण्यास आरंभ केल्यावर या हक्काचा तंटा अधिकच पेटला. म्हणजे जोशास महाराकडे जाण्याचें नाकारतां येत होतें, पण कुणब्यास जोशी नाकारणें महाग पडत होतें. मुंबई कायदेकौन्सिलनें १९२६ सालीं कायदा करून हा आनुवंशिक दक्षिणेचा हक्क रद्द केला, तेव्हां ही विषमता संपली. सेवा नाकारण्याचा इतिहास लिहितांना सेवा लादण्याचा हा इतिहास विसरतां कामा नये. दोहोंचें मूळ एकाच वतनांत आहे.

(५)

वतन राज्यानें दिलें, तर राज्यानें त्यावर अट घालावी कीं नाहीं? हा प्रश्न कोल्हापुरांत उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाहू छत्रपतींसाठीं पंचगंगेवर पुराणोक्त मंत्र म्हटले जातात, ही गोष्ट राजारामशास्त्री भागवत यांनीं महाराजांच्या नजरेस आणली. वेदोक्त मंत्र म्हणण्यास उपाध्यायानें नकार दिला. आप्पासाहेब राजोपाध्ये यांनींही महाराजांचीं धर्मकृत्यें वेदोक्त रीतीनें करण्याचें नाकारलें. राजोपाध्यांच्या बाजूनें सांगण्यासारखें नव्हतें असें नाहीं. कलियुगांत क्षत्रिय उरले नाहींत, ही त्यांची श्रद्धा होती व ती त्यांनीं लपविली नाहीं. परंतु इनाम हें राजघराण्याचीं धर्मकृत्यें करण्यासाठीं दिलेलें. कृत्य करावयाचें नसेल तर इनाम कशाबद्दल, असा महाराजांचा सवाल होता. १९०२ सालीं राजोपाध्यांचें वतन जप्त झालें. त्यांनीं वरपर्यंत अपिलें केलीं, तीं फेटाळलीं गेलीं.

या प्रकरणाकडे ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद म्हणूनच पाहण्याची रीत पडली आहे. आम्हांस त्यांत एक कायद्याचें तत्त्व दिसतें. श्रद्धेमुळें सेवा नाकारण्यास मोकळीक आहे. परंतु त्या सेवेबद्दल मिळणारें उत्पन्न हातांत ठेवून ती नाकारतां येणार नाहीं. हेंच तत्त्व शाहू महाराजांनीं १९१९ सालीं महसूल, न्याय व वैद्यकी या खात्यांच्या नोकरांस लावलें. अस्पृश्यांस इतरांप्रमाणेंच वागवावें; ज्या अंमलदारास तें मान्य नसेल त्यानें सहा आठवड्यांच्या आंत राजीनामा द्यावा; त्यास निवृत्तिवेतन मिळणार नाहीं, असा तो हुकूम. दवाखान्यांत आलेल्या अस्पृश्य रोग्यास विटाळाच्या भयानें दूर ठेवणाऱ्या डॉक्टराची श्रद्धा खरी कीं खोटी, याची चौकशी त्या हुकुमांत नाहीं. चौकशी आहे ती एवढीच, कीं तो पगार कोणाचा घेतो.

(६)

आतां महाडकडे वळूं; कारण वहिवाट व शाबिती यांचा सर्वांत स्पष्ट निवाडा तेथील आहे. ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेकौन्सिलनें सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशानें बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, न्यायालयें व दवाखाने अस्पृश्यांस वापरूं द्यावे, असा त्याचा आशय. महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ च्या जानेवारींत त्याप्रमाणें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. तरी प्रत्यक्षांत पाणी कोणी घेऊं शकलें नाहीं. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, व तळें पंचगव्याच्या घागरी ओतून शुद्ध करण्यांत आलें.

डिसेंबरांत दुसरा सत्याग्रह होणार, तोंच कांहीं स्पृश्य रहिवाशांनीं ता. १२ रोजीं दिवाणी दावा लावला आणि ता. १४ रोजीं तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. वादींचें म्हणणें असें कीं, अस्पृश्यांनीं या तळ्याचें पाणी घ्यावयाचें नाहीं अशी पुरातन वहिवाट आहे. १९२८ च्या फेब्रुवारींत मनाईहुकूम उठला, १९३१ सालीं दावा काढून टाकला गेला, १९३३ सालीं ठाण्यास अपील फेटाळलें, आणि ता. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व न्यायमूर्ति वाडिया यांनीं शेवटचा निकाल वादींच्या विरुद्ध दिला. तळ्याच्या पाण्याचा हा वाद सुमारें सव्वानऊ वर्षें चालला.

निकालाचें कारण संशोधकांनीं लक्षपूर्वक पाहावें. अस्पृश्य तळ्यावर येत नसत, ही गोष्ट माणसांच्या आठवणीपुरती न्यायालयास नाकबूल नव्हती. प्रश्न होता तो, ही प्रथा अनादि म्हणतां येईल काय? तसें शाबीत झालें नाहीं. तळ्याभोंवतीं स्पृश्यांचीं घरें उभीं राहिलीं त्यापूर्वीं कोणी अस्पृश्यांस अडवीत असेल, हें गृहीत धरण्यास आधार नव्हता. मुसलमानांस तेथें पाणी घेण्याची मोकळीक होती, हेंही पुराव्यांत आलें होतें. देवळाचा गाभारा व उघडें तळें यांस एकच न्याय लावतां येत नाहीं, असाही विचार झाला. म्हणजे अस्पृश्यता धर्म्य कीं अधर्म्य, हें न्यायालयानें ठरविलें नाहीं. ‘तुम्ही अनादि म्हणतां, तर अनादित्व दाखवा’, असें सांगितलें, आणि वादींस तें दाखवितां आलें नाहीं. हा दुसरा टप्पा. ओझें वहिवाट सांगणाऱ्याच्या डोक्यावर आलें.

परंतु या निकालाची दुबळी बाजूही स्पष्ट आहे. महाडच्या एखाद्या घराण्यांत दोनशें वर्षांचा महजर निघाला असता आणि त्यांत महारांस तळ्यावर मज्जाव असल्याचें लिहिलेलें असतें, तर निकाल काय झाला असता? माणसाचें पाणी एका कागदाच्या असण्यानसण्यावर लोंबकळत राहिलें, हें त्या न्यायाचें उणें होय. तें कायद्यानेंच भरून काढणें प्राप्त होतें.

(७)

कायद्यानें हें काम हळूहळू केलें. १९३८ च्या मुंबई कायद्यानें देवळाच्या विश्वस्तांस, त्यांची इच्छा असल्यास, देऊळ हरिजनांस खुलें करण्याची वाट मोकळी करून दिली. सक्ती केली नाहीं. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपूरच्या मंदिरासाठीं ता. १ पासून १० पर्यंत उपोषण केलें, आणि तें देऊळ खुलें झालें. त्याच वर्षीं मुंबईंत मंदिरप्रवेशाचा सक्तीचा कायदा झाला. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळानेंही १९४७ सालींच दोन कायदे केले, एक अनुसूचित जातींच्या नागरी असमर्थता दूर करण्याचा व दुसरा मंदिरप्रवेशाचा. वीस वर्षांपूर्वीं अंबादेवीच्या दारांत जो प्रश्न पंचांच्या मर्जीवर सोडावा लागला होता, तो अशा रीतीनें मर्जीच्या बाहेर गेला.

१९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्यानें दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तळीं यांच्या वापरांत धर्म, जात वगैरे कारणांवरून आडकाठी करण्यास बंदी केली. आतां वहिवाट कितीही जुनी असो, ती उत्तर म्हणून चालेनाशी झाली. हा तिसरा टप्पा.

चौथा टप्पा १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यानें आला. या कायद्यानें प्रांतोप्रांतींचे जुने कायदे रद्द करून सर्व देशास एक नियम लावला. दुकानदारानें अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्याचें, अथवा कारागिरानें काम करण्याचें, इतरांस ज्या वेळीं, ज्या जागीं व ज्या अटींवर तो करतो त्याप्रमाणें न करणें, हा अपराध ठरला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांचशें रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं. बहिष्काराच्या व्याख्येंत रूढ सेवा देण्याचें वा घेण्याचें नाकारणें हेंही घातलें. ज्या बलुत्याच्या सेवेंतून महार-मांग वगळलेले होते, तिचेंच हें कायद्यांतील नांव! आणि बाराव्या कलमांत असें सांगितलें कीं, असें कृत्य अनुसूचित जातींतील इसमाबाबत घडलें असेल, तर तें अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडलें असें न्यायालयानें उलट शाबीत होईपर्यंत गृहीत धरावें. पेशव्यांच्या काळीं ज्यास कांहींच सिद्ध करावें लागत नव्हतें, त्याच्याच माथ्यावर आतां सर्व ओझें आलें. १९७६ सालीं या कायद्यास नागरी हक्क संरक्षण कायदा असें नांव देऊन कैद व दंड या दोन्हीं शिक्षा एकत्र देण्याचें व त्यांस खालची मर्यादा घालण्याचें ठरविलें.

कायदा पुस्तकांत आला म्हणजे गांवांत आला, असें मात्र कोणी समजूं नये. न्हाव्यानें फिर्यादीच्या भीतीनें दुकान एक दिवस बंद ठेवलें, तर त्यानें सर्वांसच नकार दिला असा बचाव करतां येतो. साक्षीदार त्याच गांवांत राहणारे असतात. गृहीतक कामास येतें तें फिर्याद उभी राहिल्यावर. ती उभी करण्याचें धैर्य कायदा देत नाहीं.

(८)

तरीही श्रद्धेस कायद्यानें कांहींच जागा ठेवली नाहीं, असें नाहीं. मुल्की येथील गौड सारस्वतांच्या वेंकटरमण देवळाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं ठरविलें कीं, संप्रदायाचा आपल्या धर्मकार्याचा हक्क हा सर्व हिंदूंच्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याच्या आधीन आहे. मात्र कांहीं विशेष विधि संप्रदायापुरते राखण्यास हरकत नाहीं. उलट, मुंबई राज्याचा १९४९ चा जातिबहिष्कार प्रतिबंधक कायदा दाऊदी बोहरा समाजाच्या सैयदना साहेबांनीं आव्हानिला, तेव्हां त्याच न्यायालयानें १९६२ सालीं तो घटनाबाह्य ठरविला. धर्माच्या कारणावरून समाजाबाहेर काढण्याचा अधिकार हा धर्मव्यवहाराचाच भाग होय, असें बहुमत पडलें. या निकालाचा फेरविचार व्हावा हा प्रश्न २०२३ सालीं मोठ्या पीठाकडे सोपविण्यांत आला. दरम्यान जातपंचायतींचे जुलूम ध्यानीं घेऊन महाराष्ट्रानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्कारास बंदी करणारा स्वतंत्र कायदा केला. तो २०१७ पासून अंमलांत आहे. ग्रामण्याच्या हत्यारावर नांव घेऊन घातलेला हा घाव होय.

अमेरिकेंतही असेच वाद चालू असलेले दिसतात. कोलोरॅडो संस्थानांतील एका केक करणाऱ्यानें दोन पुरुषांच्या विवाहासाठीं केक करून देण्याचें धर्मश्रद्धेच्या कारणानें नाकारलें; २०१८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला, परंतु तो त्याच्या श्रद्धेकडे चौकशी करणाऱ्या मंडळानें समबुद्धीनें पाहिलें नाहीं एवढ्याच कारणावर. तेथील दुकानदार ‘माझी श्रद्धा’ म्हणतो. आमच्याकडील पंच ‘आमची वहिवाट’ म्हणत. एकाचें उत्तर मनांत शोधावें लागतें, दुसऱ्याचें दप्तरांत. आपल्या येथील वाद संशोधकाच्या कक्षेंत येतात ते याच कारणानें.

(९)

आतां संग्राहकांस दोन शब्द. आपल्या संग्रहांत बलुत्याचे तंटे, ग्रामण्याचीं पत्रें, पाणवठ्याचे व देवळाच्या मानपानाचे महजर असतात. ते छापतांना लाजेपोटीं किंवा अभिमानापोटीं एखादें कलम गाळण्याचा प्रकार घडूं नये. मज्जावाचा कागद लपविल्यानें कोणाची अब्रू वांचत नाहीं. आज तो कोणाच्या हक्कास बाधकही होत नाहीं, कारण कायद्यानें वहिवाटीचा दांत काढून टाकला आहे. परंतु छापला तर त्यापासून कळतें कीं, ती वहिवाट अमक्या सालीं, अमक्या तक्रारीवरून, अमक्याच्या शिक्क्यानें कायम झाली. ज्या प्रथेस मिति आहे ती अनादि नव्हे. मिति, साक्षी, निशाण्या व शिक्का यांसह संपूर्ण नक्कल द्यावी. आणि नाकारलेल्या पक्षाचें म्हणणें कागदांत एका ओळीपुरतें आलें असेल, तर ती ओळ सर्वांत जपून वाचावी. दप्तरें बहुधा नकार देणाऱ्यांच्या घरीं राहिलीं. ज्यांस नकार मिळाला त्यांचा आवाज त्यांत तेवढाच उरला आहे.

शेवटीं पुनः वऱ्हाड. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले व मूर्तिजापूर तालुक्यांत दापुऱ्यास वाढलेले गाडगे महाराज हे जातीनें परीट, म्हणजे ज्या बलुतेदारांच्या सेवेची सीमा आम्हीं वर सांगितली त्यांपैकींच एका घरचे. पंढरपुरास अस्पृश्य वारकऱ्यांस उतारा मिळत नाहीं हें पाहून त्यांनीं तेथें चोखामेळ्याच्या नांवानें धर्मशाळा उभी केली, आणि १९४९ सालीं ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. चोखामेळ्याच्या स्थानापासून महारांस दूर ठेवणारा पेशव्यांचा हुकूम आणि चोखामेळ्याच्या नांवाची ही धर्मशाळा, दोन्हीं एकाच क्षेत्रांतील. ज्या संग्रहांत तो हुकूम ठेवावयाचा, त्यांतच या धर्मशाळेच्या दानाचा कागदही शेजारीं लावून ठेवावा, अशी आमची सूचना आहे.